क्रीमी भाज्यांचा व्हीगन टोस्ट: आधी पाण्याचा बंदोबस्त करा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. दूध, लोणी, चीज तुम्ही बंद केलंय. मशरूम, पालक आणि मक्याचे दाणे घालून क्रीमी उघडा टोस्ट करायचाय. काजूची पेस्ट आणि कॉर्नफ्लोअर, दोन्ही घालून पाहिलंत, पण ब्रेड खालून लिबलिबीत होतो. वरचं मिश्रण कधी ओघळतं, तर कधी खळीसारखं चिकट होतं, आणि चव सपक लागते. घरात ओव्हन नाही. शेवटी तुम्ही विचारलंय, "चीजऐवजी नेमकं काय घालू?"

मी न्याहारीचं स्वयंपाकघर चालवते आणि हा पदार्थ माझ्याकडे रोज होतो. माझ्या मते तुमची अडचण चीजच्या पर्यायाची नाहीच, ती पाण्याची आहे. लोणी आणि चीज अशा टोस्टमध्ये एकाच वेळी तीन कामं करतात. लोण्याचा थर ब्रेडवर बसतो आणि ओल आत शिरू देत नाही. चीज वितळून भाज्यांना धरून ठेवतं आणि जरा निवलं की पुन्हा घट्ट होतं. शिवाय खारट, खमंग चवही त्या दोघांकडूनच येते. ही तिन्ही कामं करणारी एकच व्हीगन वस्तू शोधत बसलात तर हाती निराशाच येईल. कामं वेगवेगळी वाटून दिली तर मात्र घरातल्या साध्या सामानात भागतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुमचा ब्रेड किती जाड, कढई किती रुंद, आच किती मोठी आणि दूध कोणत्या प्रकारचं, यावर वेळ आणि प्रमाण थोडं इकडेतिकडे होणार. म्हणून मिनिटांपेक्षा दिसायला, ऐकायला आणि वासाला काय व्हायला हवं यावर भर देते. प्रमाण चार स्लाइसचं, म्हणजे दोघांपुरतं धरलंय.

आधी मशरूम, कारण गोंधळाचं मूळ बहुधा तिथेच आहे. ताज्या मशरूममध्ये ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. म्हणजे २५० ग्रॅम मशरूममध्ये सव्वादोनशे मिलीच्या आसपास पाणी. त्यावर १०० ग्रॅम पालक, त्याचं आणखी ९० मिली. पुढे सॉससाठी आपण १८० मिली दूध अगदी मोजून घालणार आहोत, आणि भाजीतलं त्याच्या दीडपटीहून जास्त पाणी मोजायचं मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. भाज्या नुसत्या मऊ झाल्या की आपण त्या सॉसमध्ये टाकतो. मग त्या गरम सॉसमध्ये आणि नंतर ब्रेडवर बसल्या-बसल्या पाणी सोडत राहतात. सॉस पातळ दिसला की आपण कॉर्नफ्लोअर वाढवतो. ते निवल्यावर चिकट होतं. तुमचं मिश्रण कधी ओघळतं आणि कधी चिकटतं, त्यामागे हेच असावं.

मशरूम जाडसर चिरा, अर्धा सेंटीमीटर तरी हवेत. रुंद कढईत किंवा पॅनमध्ये टाका, दोन-तीन चमचे पाणी आणि पाव चमचा मीठ घाला, झाकण ठेवा. तेल अजून घालायचं नाही. आधीच इतकं पाणी असताना वर आणखी पाणी कशाला, असं वाटेल. पण वाफेने मशरूमची जाळी लवकर बसते आणि आतलं पाणी भराभर बाहेर येतं. कच्च्या मशरूमवर तेल ओतलं तर ते आधी तेलच पिऊन टाकतात आणि तुम्ही वरून आणखी ओतत राहता. तीन-चार मिनिटांनी झाकण काढा. पॅनमध्ये तपकिरी पाणी साठलेलं दिसेल. ते फेकू नका, सगळी चव त्यातच असते. मोठ्या आचेवर आटवा.

आता कान देऊन ऐका. पाणी असेपर्यंत रटरट असा ओला आवाज येतो. ते संपत आलं की आवाज बदलून चरचर सुरू होते. त्या क्षणी दीड चमचा तेल घाला. पॅनमध्ये पाणी असेपर्यंत भाजीचं तापमान १०० अंश सेल्सियसच्या पुढे जात नाही, आणि खरपूस रंग-वास येण्यासाठी त्याहून बरंच जास्त, साधारण १४० अंशांच्या पुढचं तापमान लागतं. म्हणून पाणी आटायच्या आधी कितीही हलवलंत तरी मशरूम करडेच राहतात. तेल घातल्यावर उलट कमी हलवा. एका बाजूला तांबूस डाग पडू द्या, मग परता. जास्त शिजून मऊ लगदा होईल ही भीती मशरूमच्या बाबतीत बाळगू नका. त्यांच्या पेशीभित्तिकांमध्ये कायटिन असतं आणि ते उष्णतेने विरघळत नाही, त्यामुळे भाज्यांसारखे ते गळून जात नाहीत. शेवटी आकारमान निम्म्याहून कमी झालेलं दिसेल. तेच हवंय.

याच पॅनमध्ये एक लहान कांदा बारीक चिरून परता, तो गुलाबीसर झाला की लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून घाला. लसूण आधी घातला तर कांदा होईपर्यंत तो करपतो.

पालक वेगळा करा, यात मी कधीच सूट देत नाही. गरम पॅनमध्ये टाकून मिनिटभर परता, पानं बसली की ताटलीत काढा, हाताला सोसेल इतका निवू द्या आणि मुठीत घट्ट पिळा. किती पाणी निघतं ते एकदा बघितलंत की पुढे ही पायरी गाळणार नाही. गोठवलेला पालक असेल तर पिळणं दुप्पट मनावर घ्या. पिळल्यावर सुरीने दोन-चार वेळा चिरा, नाहीतर खाताना एकाच घासात सगळा पालक ओढून येतो.

मक्याचे दाणे त्रास देत नाहीत, ते आपलं पाणी आत धरून ठेवतात. डब्यातले किंवा गोठवलेले असतील तर निथळून, कोरड्या पॅनमध्ये डाग पडेपर्यंत भाजून घ्या. ढोबळी मिरची, ब्रोकोली, फ्लॉवर चालतात, फक्त उकडण्याऐवजी लहान तुकडे करून परता. झुकिनी घ्यायची असेल तर किसून किंवा चिरून मीठ लावून १५-२० मिनिटं ठेवा आणि पिळा. टोमॅटो सॉसमध्ये नकोच. अगदी हवाच असेल तर खायच्या वेळी पातळ काप वर ठेवा.

आता क्रीम. तुम्ही काजू आणि कॉर्नफ्लोअर एकत्र घातलंत, तिथे थोडं थांबू. काजूत इतर बऱ्याच सुक्या मेव्यापेक्षा स्टार्च बराच जास्त असतो, म्हणून वाटलेला काजू गरम केला की आपणहून दाट होतो. त्यात कॉर्नफ्लोअर घातलं की दाटपणा दुहेरी होतो. गरम असताना ठीक वाटतं आणि निवलं की चमचा उभा राहतो. दोन्हींपैकी एकच निवडा.

काजूच निवडलात तर ६० ग्रॅम काजू उकळत्या पाण्यात २० मिनिटं भिजवा, पाणी टाकून द्या. मिक्सरमध्ये आधी फक्त तीन-चार चमचे ताजं पाणी घालून वाटा. दाट असतानाच तो गुळगुळीत होतो, सुरुवातीलाच सगळं पाणी ओतलं तर कण भांड्यात गरगर फिरत राहतात आणि रवाळपणा जात नाही. गुळगुळीत झाल्यावर हळूहळू पाणी वाढवा, एकूण १२० मिलीपर्यंत. चव छान येते, पण रोजच्या घाईत मिक्सर काढणं, धुणं नको वाटतं, आणि खाणाऱ्यांपैकी कुणाला काजूची ॲलर्जी असेल तर हा मार्ग बंदच.

म्हणून रोजच्यासाठी माझी पसंती साध्या पांढऱ्या सॉसला. दोन टेबलस्पून मैदा, दीड ते दोन टेबलस्पून तेल, १८० मिली साखर नसलेलं सोया किंवा ओट दूध. लोणी वापरणाऱ्या पाककृतीवरून हे करत असाल तर तेल जरा कमी घ्या. लोण्यात साधारण ८० टक्केच स्निग्धांश असतो, तेल पूर्ण स्निग्ध असतं.

तेल मध्यम आचेवर तापवा, मैदा घाला, दोनेक मिनिटं हलवत भाजा. कच्च्या पिठाचा वास जाऊन बिस्किटासारखा वास येऊ लागला की पुरे. तांबूस करू नका. मैदा जितका जास्त भाजाल तितकी त्याची दाट करण्याची ताकद कमी होते. आता दूध थोडं-थोडं घाला. पहिल्या वेळी चार-पाच चमचेच. मिश्रणाचा एकदम गोळा होईल आणि बिघडलं असं वाटेल. बिघडलेलं नसतं. गोळा भराभर घोटून एकजीव करा, मगच पुढचं दूध ओता. गुठळ्या होतात त्या पहिला घोट नीट घोटला नाही म्हणून. सगळं दूध गेल्यावर उकळी फुटू द्या, नंतर मंद आचेवर चार मिनिटं हलवत शिजवा. उकळी फुटल्याशिवाय मैद्याचा स्टार्च पुरता फुलत नाही, आणि नंतरची चार मिनिटं गाळली तर तोंडात पिठूळपणा राहतो.

सॉस झाला की नाही ते असं बघा. उलथन्याने पॅनच्या तळावर एक रेघ ओढा. रेघ लगेच मिटली तर आणखी शिजवा. मनात तीन आकडे मोजेपर्यंत तळ दिसत राहिला तर झाला. या घडीला तो पास्त्यासाठी नको इतका दाट वाटेल, आणि टोस्टसाठी तेच बरोबर आहे. भाज्या कितीही सुकवल्या तरी त्या थोडी ओल देतातच, तेवढी जागा सॉसमध्ये ठेवायची.

दुधाबद्दल दोन गोष्टी. डब्यावर 'अनस्वीटन्ड' लिहिलेलं हवं. गोड किंवा व्हॅनिला घातलेलं दूध मिठाने, मिरीने झाकलं जात नाही. ओट दूध साखर न घालताही किंचित गोड असतं, कारण ते बनवताना ओटमधल्या स्टार्चचा काही भाग साखरेत बदलतो. मला या टोस्टला सोया दूध जास्त आवडतं, त्यात प्रथिनं बरी असतात आणि सॉसला अंग येतं. पण गरम सोया दुधात लिंबू पडलं तर ते फाटू शकतं, म्हणून आंबट काहीही असो, गॅस बंद केल्यावरच. नारळाचं दूध क्रीमी असतं खरं, पण मग मशरूमऐवजी नारळच लागतो. तुम्हाला आवडत असेल तर जरूर घ्या, मी घेत नाही.

मैद्याऐवजी कॉर्नफ्लोअरच वापरायचं असेल तर ते थंड दुधात कालवून, एक टेबलस्पून एवढंच. फार वेळ उकळू नका आणि दाट झाल्यावर जोरात घोटू नका, दोन्हींनी ते पुन्हा पातळ होतं. ग्लूटेन टाळणाऱ्यांनी मैद्याच्या जागी तांदळाचं पीठ घेतलं तरी हीच कृती चालते, सॉस जरा रवाळ लागेल इतकंच. अर्थात मग ब्रेडही ग्लूटेनमुक्त हवा.

सपकपणाचं बघू. चीज काढलं की मीठ तर जातंच, पण त्याच्या मागे जिभेवर रेंगाळणारी खमंग चवही जाते. शिवाय दाट, पिठाच्या सॉसमध्ये मीठ नेहमीपेक्षा कमी जाणवतं. सॉस पातळ असताना चव बरोबर वाटली तर दाट झाल्यावर ती कमीच वाटणार, म्हणून शेवटची चव भाज्या मिसळल्यावर बघा. खमंगपणासाठी मी तीनपैकी जे हाताशी असेल ते घालते: एक टेबलस्पून न्यूट्रिशनल यीस्ट, किंवा एक छोटा चमचा फिकट मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची खारट जपानी पेस्ट), किंवा मशरूम परतताना सोया सॉसचे आठ-दहा थेंब. तिन्ही एकदम नकोत, नुसता खारटपणा वाढतो. न्यूट्रिशनल यीस्ट म्हणजे ब्रेड फुगवायचं यीस्ट नव्हे, ते निष्क्रिय केलेलं असतं. फुगवायचं यीस्ट घातलंत तर कडूच लागेल. यापैकी काहीच नसेल तर मशरूमचं ते तपकिरी पाणी नीट आटवलेलं असणं, मोहरीचा अर्धा छोटा चमचा सॉस आणि शेवटी लिंबाचे चार थेंब एवढ्यावरही काम निभावतं. मिरपूड सढळ हाताने, जायफळ अगदी चिमटीभर.

आता ब्रेड. तयार कापलेला पातळ मऊ ब्रेड या पदार्थाला तग धरत नाही, तुम्ही काहीही करा. दीड ते दोन सेंटीमीटर जाड स्लाइस हवा, शक्यतो कालचा ब्रेड, आणि कवच जरा टणक असेल तर उत्तम. लेबल मात्र वाचा. पुष्कळ ब्रेडमध्ये दूध पावडर, लोणी किंवा मध असतो. ई ४७१ हा घटक वनस्पतीचा असू शकतो आणि प्राणिजन्यही, नुसत्या आकड्यावरून कळत नाही. तुम्ही काटेकोर असाल तर पाकिटावर व्हीगन लिहिलेलाच घ्या.

ओव्हन नाही याची खंत करू नका, तव्यावर हा टोस्ट उलट जास्त ताब्यात राहतो. कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजू भाजा, प्रत्येक बाजूला तीन-चार मिनिटं. मोठ्या आचेवर रंग मिनिटात येतो पण आतली ओल तशीच राहते, आणि वरून सॉस पडला की तो स्लाइस दोन्हीकडून ओला होतो. आपल्याला रंगाइतकंच सुकणंही हवंय. बोटाने मधोमध दाबून बघा, वरचा थर टणक लागला पाहिजे.

भाजलेला स्लाइस थेट ताटलीत ठेवू नका. गरम ब्रेडमधून वाफ निघत असते, ताटलीवर ती अडकते आणि खालची बाजू दमट होते. 'खालून लिबलिबीत' ही तुमची तक्रार कदाचित वरच्या सॉसमुळे नसून या वाफेमुळेही असेल. जाळीवर ठेवा, जाळी नसेल तर दोन स्लाइस एकमेकांना टेकवून उभे करा. मिनिटभर पुरे. मग वरच्या बाजूला लसणाची कापलेली पाकळी घासा आणि तेलाचा पातळ हात फिरवा, किंवा ताहिनीचा, म्हणजे वाटलेल्या तिळाच्या पेस्टचा, अगदी झिरझिरीत थर द्या. लोण्याचं पहिलं काम, ओल अडवण्याचं, इथे झालं.

जुळवणी अशी. सॉसचा गॅस बंद, त्यात भाज्या, पालक हाताने मोकळा करून, मग मीठ-मिरी-लिंबू. मिश्रण चमच्यात घेऊन चमचा तिरका केला तर ते लगेच ओघळता कामा नये, सावकाश घसरलं पाहिजे. प्रत्येक स्लाइसवर तीन भरगच्च चमचे, कडेला बोटभर जागा सोडून. चीजसारखा वरचा तांबूस थर हवा असेल तर एका स्लाइसचा चुरा करून एक चमचा तेलात तव्यावर कुरकुरीत भाजा आणि खायच्या वेळी भुरभुरा. व्हीगन सॉसवर चीजसारखा रंग सहज येत नाही, त्याच्या मागे लागून टोस्ट करपवण्यापेक्षा हा चुरा बरा. वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे ग्रिल आहे त्यांनी तेलात कालवलेला कच्चा चुरा वर पसरून तीन-चार मिनिटं ठेवायला हरकत नाही, पण समोरून हलू नका.

क्रम म्हणाल तर आधी मशरूम, मग पालक, मग सॉस, सगळ्यात शेवटी ब्रेड. ब्रेड आधी भाजून ठेवून सॉस करायला घेतला की ब्रेड निवतो, चामट होतो. उलट सॉस दहा मिनिटं थांबला तर काही बिघडत नाही, चमचाभर दूध घालून गरम केला की पुन्हा मोकळा होतो.

आणि हे सगळं एखाद्या सकाळी फार वाटलं तर सॉस करूच नका. कपभर शिजवलेला पांढरा राजमा, दोन चमचे तेल, लसणाची अर्धी पाकळी, लिंबू, मीठ आणि लागेल तसे दोन-तीन चमचे त्याच्याच शिजवणाचं पाणी, एवढं मिक्सरमधून काढा. डब्यातला राजमाही चालेल, निथळून आणि धुऊन, मग शिजवणाऐवजी साधं पाणी. ही पेस्ट आधी टोस्टवर पसरा आणि परतलेल्या कोरड्या भाज्या वर ठेवा. भाज्या सॉसमध्ये न्हालेल्या नसतात, पण घासात क्रीमीपणा येतो, सुका मेवा नाही, मैदा नाही, आणि ब्रेड ओला होण्याचा धोका सगळ्यात कमी. पहिल्यांदाच करणाऱ्याला मी हेच सुचवते.

उरलेलं मिश्रण दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवस चांगलं राहतं. थंड झाल्यावर त्याची वडी पडेल. मंद आचेवर थोडं दूध घालून हलवलं की पूर्ववत होतं. मैद्याचा किंवा कॉर्नफ्लोअरचा सॉस फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका, वितळताना त्यातून पाणी वेगळं होतं आणि सुरुवातीची कटकट पुन्हा मागे लागते. काजूची पेस्ट फ्रीझरमध्ये बरी टिकते, तेव्हा ती एकदम जास्त करून थोडी-थोडी गोठवून ठेवता येईल. एवढं करूनही ब्रेड ओला होत असेल तर ब्रेड किती जाड होता, आणि मशरूम पॅनमधून काढले तेव्हा तळाशी पाणी दिसत होतं का, हे दोन तपशील लिहा, म्हणजे पुढचं सांगता येईल.